आवळीची गाडी

पांढरा बुशशर्ट त्या दिवशी माझ्या अंगावर जेमतेम घटकाभर राहिला. तुळशीराममामांनी तो खळ घालून इतका कडक करून आणला होता की मान वळवायची तर अख्खं धड वळवावं लागत होतं. शिरजापूरच्या फलाटावर मी तसाच ताठ उभा होतो आणि मामा बाजारात बैल बघावा तसे माझ्याभोवती फिरून मला न्याहाळत होते.

"हात खिशात घाल," ते म्हणाले.

"काहून?"

"नखं दिसतेत. अन् हे पाह्य, इंजिनाचा विषय निघाला का तू गप्प राहजो. मी बोलीन."

मामांनी बोलावं यातच खरी गोची होती. ढोकगुरुजींच्या वनमालेसाठी माझं स्थळ सुचवताना त्यांनी ठोकून दिलं होतं की पोरगा डिझेल इंजिनावर आहे. मी होतो वाफेच्या इंजिनावरचा फायरमन. भट्टीत कोळसा मारायचा, हे माझं काम. गुरुजींनी आधीच बजावून ठेवलं होतं, कोळशाची इंजिनं आता चालली, त्यांच्याबरोबर जाणारा जावई मला नको. त्यांचंही काय चुकलं? डिझेलच्या ट्रेनिंगला कोणाकोणाची नावं लागणार हे आम्हालाच कळलेलं नव्हतं. वाफ संपल्यावर फायरमनचं काय, असं आम्ही सगळेच चहा पिताना एकमेकांना विचारायचो आणि उत्तर न देताच उठायचो.

वनमालेचा फोटो मात्र मी पाहिला होता, आणि मामांनी दोनदा मागूनही परत दिला नव्हता. यापेक्षा जास्त काय सांगू?

आमच्या त्या छोट्या लाइनीवर दर कार्तिकात एक खास गाडी सुटायची. सकाळी शिरजापूरहून निघायची, देवमाळेचा चढ चढून आवळबनाला जायची. तिथं माणसं आवळीच्या झाडांखाली पंगत मांडून जेवायची आणि दिवेलागणीला परतायची. आवळीभोजनाची स्पेशल असं फळ्यावर लिहिलेलं असे. लोक तिला आवळीची गाडी म्हणत. गावातल्या ज्या आजीबाई कधी वेशीबाहेर पडल्या नाहीत त्यासुद्धा या गाडीत बसायच्या. त्या वर्षी स्टेशनमास्तरांनी जाहीर केलं होतं, ही वाफेवरची शेवटची. पुढच्या कार्तिकात डिझेल. म्हणून इंजिनाला केळीचे खांब बांधले होते, झेंडूच्या माळा घातल्या होत्या, आणि कोणीतरी पुढच्या दिव्याखाली हळदीकुंकवाची बोटंही उमटवली होती.

गुरुजींचं घर या गाडीनं जाणार, मीही जाणार, आवळीखाली सहज गाठ पडणार, असा मामांचा बेत होता. पसंत पडलं तर उत्तम. नाही पडलं तर दोन्हीकडचे जेवून आपापल्या घरी, गावभर बोभाटा नाही. बेत झकास होता. पण गाडी सुटायच्या वेळेला ड्रायव्हर हबीबभाई फलाटावरून पळत आले.

"शालिक, चाल! मारोती फायरमनची कंबर धरली. उभंच राह्यता येत नाई त्याले."

"आज माही सुट्टी हाये, हबीबभाई."

"सुट्टी हाये तं घे ना बावा. मंग गाडीले तुहा मामा ढकलते का?"

मामांनी माझा दंड धरला. "अजिबात नाई! आज पोट्ट्याले पाहाले येऊन राह्यले लोक!"

हबीबभाईंनी वरपासून खालपर्यंत माझ्याकडे पाहिलं आणि त्यांच्या पांढऱ्या मिशीत हसू मावेना. "पाहू द्या ना. इंजिनावर काय दिसत नाई का मानूस?"

डबे माणसांनी गच्च भरले होते. पोरं खिडक्यांतून ओरडत होती. मी बुशशर्ट काढून मामांच्या हातात दिला, मारोतीची निळी विजार चढवली आणि बनियनवर इंजिनात चढलो.

"मी त्यायले काय सांगू?" मामा खालून रडकुंडीला येऊन विचारत होते.

"सांगा, मागच्या डब्यात हाय!" मी ओरडलो आणि भट्टीचं दार उघडलं.

आत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. वाफेची इंजिनं बंदच व्हायची, म्हणून कोळशाची नवी वाघीण कोणी मागवलीच नव्हती. आम्हाला मिळाला होता तो ढिगाचा तळ, झाडून गोळा केलेला. खडे कमी आणि भुकटी जास्त. फावडं मारलं की भट्टीतून धुराचा लोट तोंडावर यायचा. पहिला ओढा ओलांडेपर्यंत माझ्या अंगावर कुठं बनियन संपतं आणि कुठं मी सुरू होतो, हे माझ्या आईलाही सांगता आलं नसतं.

आमच्या लाइनीवर एक रीत होती. पाणी भरायला गाडी थांबली की बाया किटल्या, पितळी गंज घेऊन इंजिनापाशी यायच्या. हबीबभाई तोटी सोडायचे आणि कढत पाणी द्यायचे. त्यात नुसती पूड आणि साखर टाकली की चहा. त्या दिवशीही टाकीपाशी रांग लागली. हबीबभाई वर पाण्याच्या सोंडेशी होते, म्हणून तोटीवर मी.

रांग सरली तेव्हा शेवटी एक मुलगी किटली धरून उभी होती. फोटोतल्यापेक्षा रंगानं सावळी आणि डोळ्यांनी चलाख. माझ्या हातून तोटी जरा जास्तच फिरली.

"अहो, हात भाजन माहा!"

"चुकलं, चुकलं."

किटली भरली तरी ती हलेना. "तुमी कोळशावरचे का डिझेलवरचे?"

एवढं काळं तोंड घेऊन डिझेलवरचा म्हणणार तरी कसा! "कोळशावरचा."

"मंग हे इंजिन बंद झाल्यावर काय करसान?"

"नाव लागलं तं डिझेल. नाई लागलं तं पाहू. हात शाबूत हायेत."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. मी ते पाठीमागं नेले, मामांच्या शिकवणीप्रमाणे.

"आमच्याकडे एक पोरगा दाखवनार होते आज," ती अगदी सहज म्हणाली. "डिझेलवरचा हाये म्हने. पहिले म्हनत मागच्या डब्यात हाये. मी मागच्या डब्यात जाऊन आली, तं म्हनत पुढच्या डब्यात हाये. तुमाले दिसला का कोठी?"

"दिसाले कसा हाये?" मी तोटी उगाच घट्ट करत विचारलं.

"फोटोत तं बरा हाये. पन फोटोवाले कोनालेही बरा करतेत." तिनं किटलीचं झाकण लावलं. "भेटला तं त्याले माहा एक निरोप सांगान का?"

"सांगतो की."

"म्हना, माही बालवाडी हाये, ते मी सोडनार नाई. हे एक. अन् दुसरं म्हंजे मले लपवाछपवी चालत नाई. कोळशावरचा असन तं कोळशावरचा म्हनून सांग म्हना. काळ्या हाताचं काय, साबन लावला का निंघते."

"अन् नाई आवडला तं?"

"तं आवळीखाली जेवून घरी," ती म्हणाली आणि किटली सांभाळत निघून गेली.

वरून हबीबभाई खोकले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "निरोप पोचला का रे त्या पोट्ट्याले?" त्यांनी विचारलं. मी फावडं उचललं. भट्टीत कोळसा मारताना माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: हिला खरं सांगावं तर गुरुजी नाही म्हणणार आणि न सांगावं तर ही नाही म्हणणार.

देवमाळेचा चढ लागला आणि तेवढाही विचार करायची सोय उरली नाही. भुकटीनं भट्टी कोंडली. मी लांब सळईनं खालून ढोसून पाहिलं, दार उघडझाप करून पाहिलं, पण विस्तव लाल असायचा तो तपकिरी झाला. वाफेच्या दाबाचा काटा बघता बघता उतरला. इंजिनानं चारदोन उसासे टाकले आणि चढाच्या निम्म्यावर गाडी उभी राहिली.

गार्डसाहेब हिरवं-लाल निशाण काखेत मारून आले. त्यांच्यामागं अर्धी गाडी उतरून आली, त्यात ढोकगुरुजी छत्री टेकत पुढं, आणि गुरुजींच्या मागं माझा बुशशर्ट हातावर टाकलेले मामा. माझ्याकडे मामा असे बघत होते की जणू आयुष्यात मला कधी पाहिलं नाही.

"डिझेल बोलवा लागते," हबीबभाई पडेल आवाजात म्हणाले. "सायकलवर मानूस पाठवा मागच्या टेशनात. दुपार होते यायले. अन् ते आलं का मंग हिले ओढतच न्यावं लागन." त्यांनी इंजिनाच्या लोखंडावर तळवा ठेवला. ज्या इंजिनावर माणसाची मिशी पिकली ते शेवटच्या दिवशी दोरीनं बांधून ओढत न्यायचं, हे त्यांना सोसवत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना. फायरमन मी होतो. वाफ करणं माझं काम होतं.

"सरका," कोणीतरी म्हणालं. वनमाला. तिनं पायरीवर एक पाय देऊन भट्टीत डोकावलं. "भुकटी हाये नुसती! अशी टाकली तं विस्तव कोंडनच ना. घरी आमी शेनात कालवून गोळे करतो, मंग पेटते शेगडी. त्याच्यातून हवा खेळते."

"शेन कोठून आनू आता?" मी म्हणालो.

ती मागं वळून शेवटच्या डब्याकडे बघत राहिली. हळूहळू सगळ्यांच्याच माना तिकडं वळल्या. शेवटच्या डब्यात सबंध गावाच्या रोडग्यांसाठी गोवऱ्यांची पोती भरलेली होती. कणकेचे ते जाड गोळे गोवऱ्यांच्या विस्तवातच भाजावे लागतात, त्याला दुसरा उपाय नाही. आणि त्या पोत्यांवर वनमालेची आत्या, सुभद्राआत्या, मांडी घालून बसली होती.

"हात लावून पाहा एखाद्यानं!" आत्या कडाडली. "गवऱ्या तुमच्या इंजिनात घालू अन् रोडगे काय तुमच्या टकुऱ्यावर भाजू? सारं गाव उपाशी ठेवता का कार्तिकात?"

"आत्या, गाडीच नाई पोचली तं रोडगे कोठी भाजसान? इथं रुळावर?" वनमाला म्हणाली.

"भाजीन! रुळावर भाजीन!"

गार्डसाहेब समजवायला गेले तर आत्यानं त्यांना त्यांच्या आईचं नाव विचारलं, आणि ती दूरची नात्यातली निघाल्यावर आणखीच झापलं. शेवटी हबीबभाई टोपी काढून पुढं झाले.

"मावशी, गवऱ्या तुमच्याच. मी फक्त माह्या भट्टीतून फिरवून आनतो. आवळबनात पोचलो का निम्मा विस्तव जमिनीवर काढून देतो तुमाले, लालबुंद. लावा रोडगे."

"कोळशाचा वास येईन त्याले."

"येईन. पन जनमभर सांगसान लोकायले, का इंजिनात भाजलेले रोडगे खाल्ले. कोनी खाल्ले आजवर?"

आत्यानं हबीबभाईंकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, आणि पदर खोचून उठली. "मंग बसले काय? धरा पोतं!"

त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून हसू येतं. शेवटच्या डब्यापासून इंजिनापर्यंत माणसांची रांग लागली. वकील, शिंपी, नव्या नवऱ्या, म्हाताऱ्या, सगळे गोवऱ्या हातोहात पुढं देत होते. ज्यांच्या धोतराला कधी डाग लागला नाही तेसुद्धा शेणाच्या हातांनी घाम पुसत होते. ढोकगुरुजी रांगेच्या शेवटी, म्हणजे माझ्या अगदी जवळ. ते गोवरी मोडून तुकडे वर द्यायचे आणि मी एक थर गोवऱ्यांचा, एक थर भुकटीचा, असा भट्टीत पसरायचो.

"वाऽऽ! पेटलं!" गुरुजी आत वाकून ओरडले. वर्गात आरडाओरडा झाला की फळ्यावर खडू आपटणारा माणूस!

भट्टी खरंच फुलली. काटा हलला, थांबला, पुन्हा हलला. हबीबभाईंनी ओझं कमी करायला सगळ्यांना खालीच ठेवलं आणि गाडी सोडली. इंजिन इतक्या सावकाश चढत होतं की माणसं बाजूनं चालत होती. पोरं पुढं धावत होती. म्हाताऱ्या तेवढ्या डब्यात बसून खिडकीतून "चाल माय, चाल!" म्हणत इंजिनाला चढवत होत्या. माथ्यावर पोचलो तेव्हा जो जल्लोष झाला तसा मी पुन्हा कुठल्या स्टेशनात ऐकला नाही. हबीबभाई डोळे पुसत होते आणि धुराला नावं ठेवत होते.

आवळबनात आम्ही दिल्या शब्दाप्रमाणे विस्तव काढून दिला. मामांच्या हातातला माझा बुशशर्ट आत्यानं कधी हिसकावला कळलं नाही. तिनं त्याचा बोळा करून तापल्या घमेल्याचा काठ धरला होता. रोडगे बाहेरून इंजिनासारखेच काळे निघाले. फोडले की आत पांढरी वाफ.

पंगत बसली तसा गुरुजींनी मामांना प्रश्न टाकला. "तुळशीरामजी, आता तरी मुलगा दाखवा. की तो अजून मागच्या डब्यात आहे?"

मामा घाबरून म्हणाले, "तो... तो आवळे वेचाले गेला."

मी विहिरीवरून हात धुऊन येत होतो. ते ऐकलं. पुढं वनमाला पानावर वांग्याची भाजी वाढत होती, तिनं मान वर केली नाही. तेव्हा मात्र मला राहवलं नाही.

"गुरुजी, मीच तो. शालिक. डिझेलवर नाही, कोळशावर आहे. डिझेलला माझं नाव लागेल की नाही, मला माहीत नाही. मामांनी सांगितलं ते चुकीचं होतं, आणि मी गप्प बसलो हेही."

जवळची पंगत जेवायची थांबली. मामांनी डोळे मिटून घेतले. गुरुजींनी रोडग्याचा तुकडा मोडला.

"बसा, जेवून घ्या," ते म्हणाले. "बाकीचं आम्ही कळवतो."

आमच्याकडे मुलीचा बाप 'कळवतो' म्हणाला की समजून घ्यायचं. माझ्या शेजारी बसून हबीबभाईंनी माझ्या पानावर मोठा गोळाभर तूप वाढलं, आणि मी ते खाल्लं. खोटं कशाला सांगू, मन खट्टू होतं, तरी रोडगा सुरेख होता.

परतीला सगळा उतार, त्यामुळे भट्टीला फारसं काम नव्हतं आणि मला नुसतं उदास व्हायला भरपूर सवड होती. दिवेलागणीला शिरजापूर आलं. गावात राहिलेली माणसंही फलाटावर जमली होती. इंजिनाला निरोप द्यायची आमच्या शेडची एक पद्धत होती: भट्टी कायमची विझवायची त्या दिवशी उरलेली सगळी वाफ शिट्टीतून सोडून द्यायची. हबीबभाईंनी शिट्टीच्या दोरीला हात घातला आणि तसाच थांबवला. पायरीवर कोणीतरी चढत होतं. हातात किटली.

"आता कढत पानी नाई," मी म्हणालो. "विस्तव काढला."

"पानी नाई पाह्यजे. सकाळी एका पोराले निरोप धाडला होता, त्याच्यासाठी जबाब आनला."

खाली फलाटावर ढोकगुरुजी छत्री टेकून उभे होते आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

"बाबा म्हनले, मुलाचं डिझेलचं काही खरं नाई," वनमाला म्हणाली. "मी म्हनलं, मुलाचं तं खरं हाये. मंग म्हनले, जा, तूच सांग."

मी फावडं बाजूला ठेवलं. "पन मी... सकाळी तुमाले माहीत नव्हतं ना का मीच तो..."

ती हसली. मोकळं, दिवसभराचं साठवलेलं. "तोंड काळं झालं, पन कान? तुमचे कान फोटोतल्यासारखेच बाहेर हायेत. टाकीपाशीच ओळखलं मी."

"मंग तवाच काहून नाई सांगतलं?"

"तुमी कवा सांगता ते पाहाचं होतं."

माझे ते दोन्ही कान काजळीखाली कसे तापले ते मलाच माहीत. हबीबभाईंनी शिट्टीची दोरी माझ्या डोक्यावरून तिच्या हातात दिली. "हे घे बेटी. म्या आजवर लई वाजवली."

तिनं किटली माझ्याकडे दिली, दोन्ही हातांनी दोरी धरली आणि ओढली. आधी ती स्वतःच दचकली, मग आणखी जोरानं ओढली. फलाटावरच्या म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले, पोरं नाचायला लागली, दूर गावात कुत्री भुंकायला लागली. मामांनी खालून माझा भोकं पडलेला बुशशर्ट झेंड्यासारखा हलवायला सुरुवात केली.

"बस झालं, सोडा आता," मी तिच्या कानाशी ओरडलो.

"वाफ हाये ना अजून?"

"हाये थोडी."

"मंग?"

शिट्टी बारीक होत गेली, घोगरी झाली, नुसता श्वास राहिला, तरी तिनं दोरी सोडली नाही.

माझं नाव पुढं डिझेलला लागलं, आमची लाइनही मोठी झाली, आणि बालवाडीतली तिची पोरं आता स्वतःच्या पोरांची बोटं धरून भेटायला येतात. शिरजापुरात अजूनही जुनी माणसं सांगतात, वाफेच्या इंजिनाची शेवटची शिट्टी हबीब ड्रायव्हरनं दिली, काय लांब दिली! आम्ही दोघं ते ऐकून घेतो. मग ती माझ्या कानांकडे बघते, आणि मला दुसरीकडे बघावं लागतं.